सोनचाफ्याचे शास्त्रीय नाव: मायकेलिया की मॅग्नोलिया?

अबोली_र

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयाच्या आवारात झाडांना नावाच्या पाट्या लावण्याचे काम सध्या चालू आहे आणि मजकुराची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. आंबा, फणस, सुरंगी, बकुळ यांची नावे निश्चित करताना फारशी अडचण आली नाही. गाडे अडले ते सोनचाफ्यापाशी. आमच्या विभागातील जुन्या वनस्पतिसंग्रहात, थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरात (म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या नोंदग्रंथात) आणि मी स्वतः पदवीला वापरलेल्या पाठ्यपुस्तकात हे झाड ‘मायकेलिया चंपाका’ म्हणून येते. लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर शोधले असता तेच झाड ‘मॅग्नोलिया चंपाका’ म्हणून दिसते आणि मायकेलिया हे नाव खाली पर्यायी नावांच्या यादीत ढकललेले आढळते. उलट ‘फ्लोरा ऑफ चायना’ हा तुलनेने अलीकडचा आणि प्रतिष्ठित ग्रंथ मायकेलियाच वापरतो.

माझे प्रश्न असे आहेत. हे नाव नेमके कोणी आणि कशाच्या आधारे बदलले? नव्या नावामुळे जुने नाव चुकीचे ठरते का? एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की दर दहा वर्षांनी नावे बदलणाऱ्यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही, पाटीवर जुनेच नाव असू द्यावे. दुसऱ्यांचे म्हणणे असे की विद्यार्थ्यांना अद्ययावत तेच दिले पाहिजे. शिवाय आवारात एक कवठी चाफाही आहे आणि त्याच्या बाबतीत तर तीन पुस्तकांत तीन नावे आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. पारिभाषिक शब्दांचा गोंधळ होऊ नये म्हणून सांगते, मी जीनसला प्रजाती, स्पीशीजला जाती आणि फॅमिलीला कुळ म्हणते आहे.

देवराई

अबोलीताई, आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत आणि ते सुटे केल्याशिवाय उत्तर हाती लागणार नाही. पहिला प्रश्न वर्गीकरणाचा आहे: सोनचाफा आणि मोठ्या पांढऱ्या फुलांचा मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा यांना एकाच प्रजातीत ठेवायचे की दोन प्रजातींत? याचे उत्तर पुरावा आणि तज्ज्ञांचे मत यांवर अवलंबून असते. कोणताही नियम ते ठरवून देत नाही. दुसरा प्रश्न नामकरणाचा आहे: एकदा गट कसे पाडायचे ते ठरले की त्या गटांना कोणते नाव द्यायचे? इथे मात्र मताला फारशी जागा नसते. शैवाल, कवक आणि वनस्पती यांच्यासाठी जी आंतरराष्ट्रीय नामकरण संहिता आहे, ती हे ठरवते.

वर्गीकरणापासून सुरुवात करतो. लिनियसने १७५३ साली ‘स्पीशीज प्लांटारम’मध्ये मॅग्नोलिया आणि मायकेलिया अशा दोन प्रजाती शेजारी शेजारी मांडल्या. एकीचे नाव मोंपेलियेच्या पिएर मान्योलवरून, तर दुसरीचे फ्लॉरेन्सच्या पिएर अँतोनियो मिकेलीवरून. पुढे दोनशे वर्षे या दोहोंतील मुख्य भेद असा सांगितला गेला की मॅग्नोलियाचे फूल फांदीच्या टोकावर येते आणि मायकेलियाचे फूल पानाच्या बगलेत येते. जोडीला दुसरा भेद: सोनचाफ्याच्या फुलात पुंकेसर संपतात आणि किंजदले सुरू होतात त्या दोहोंमध्ये एक उघडा दांडा, म्हणजे किंजधर, असतो. पाकळ्या आणि पुंकेसर काळजीपूर्वक खुडून टाकले की तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ग्रँडिफ्लोराच्या फुलात असा मोकळा दांडा दिसत नाही. पुंकेसर संपले की लगेच किंजदले सुरू होतात.

ब्रिटिश म्युझियममधील जेम्स एडगर डँडी यांनी १९२७ मध्ये या कुळातील प्रजातींची जी मांडणी केली, तीत अशाच लक्षणांवर भर होता: फूल टोकाला की बगलेत, एका किंजदलात बीजके दोन की चार किंवा अधिक, फळ कसे उकलते, फुले द्विलिंगी की एकलिंगी. त्यातून मँग्लिएशिया, टॅलॉमा, एल्मेरिलिया, क्मेरिया, पॅकिलार्नॅक्स अशा प्रजाती कुळात नांदू लागल्या. काही जुन्या होत्या, काही डँडी यांनीच नव्याने केल्या. विसाव्या शतकाचा बराच काळ हीच चौकट प्रमाण मानली गेली.

ती खिळखिळी झाली ती दोन बाजूंनी. एक तर ‘बगलेतील फूल’ हे लक्षणच तपासणीत टिकले नाही. आपल्या आवारातील सोनचाफ्याची कळी लागलेली एक फांदी घ्या आणि भिंग लावून पाहा. या कुळात प्रत्येक पेऱ्याशी उपपर्ण (पानाच्या बुडाशी असलेले, कळीला झाकणारे आवरण) गळून पडते आणि फांदीभोवती बांगडीसारखा पूर्ण व्रण राहतो. आता कळीच्या देठाकडे पाहा: कळीवरचे लवदार आवरण गळाले की तिथेही तशाच बांगड्या उमटतात. याचा अर्थ असा की ज्याला आपण फुलाचा देठ म्हणतो, ती पेरी असलेली एक आखूड फांदीच आहे आणि फूल त्या फांदीच्या टोकावरच आलेले आहे. फांदी इतकी आखूड राहते की फूल बगलेत आल्यासारखे दिसते, एवढेच. रिचर्ड फिग्लर यांनी २००० साली आणखी एक निरीक्षण पुढे आणले. मायकेलियात आणि मॅग्नोलियाच्या यूलानिया या गटात बगलेतील कळी काही काळ थांबते आणि मग तिची फांदी होते. इतर बहुतेक मॅग्नोलियांत ती मुख्य फांदीबरोबरच वाढत जाते. म्हणजे फांद्या फुटण्याच्या पद्धतीत सोनचाफा काही मॅग्नोलियांच्या जवळचा आणि बाकीच्या मॅग्नोलियांपासून दूरचा ठरला.

दुसरी बाजू डीएनएची. २००१ च्या सुमारास जपान, कोरिया आणि अमेरिकेतील संशोधकांनी हरितलवकातील जनुकांची तुलना केली, तेव्हा हीच गोष्ट ठळकपणे समोर आली: मायकेलिया मॅग्नोलियाच्या बाहेर उभी नसून मॅग्नोलियाच्या आतच, यूलानियाच्या शेजारी उगवलेली एक शाखा आहे. चीनमधील यूलान, म्हणजे मॅग्नोलिया डेन्यूडाटा, ही ग्रँडिफ्लोरापेक्षा आपल्या सोनचाफ्याला जवळची निघाली. अशा स्थितीत मॅग्नोलिया हे नाव यूलान आणि ग्रँडिफ्लोरा दोघींना ठेवायचे आणि मधल्या सोनचाफ्याला मात्र वेगळी प्रजाती म्हणायचे, हे वंशावळीशी सुसंगत राहत नाही. मार्ग दोनच उरतात: सगळ्यांना मॅग्नोलियात घ्यायचे, किंवा मॅग्नोलियाचेच अनेक तुकडे करायचे.

फिग्लर आणि लायडनचे हान्स नोटेबूम यांनी २००४ मध्ये पहिला मार्ग निवडला. कुळात लिरिओडेंड्रॉन आणि मॅग्नोलिया या दोनच प्रजाती त्यांनी ठेवल्या आणि मायकेलिया, मँग्लिएशिया वगैरेंना मॅग्नोलियातील विभागांचा दर्जा दिला. लिरिओडेंड्रॉन स्वतंत्र ठेवण्याबद्दल कोणाचाच वाद नाही. त्याची पंख असलेली फळे आणि टोक छाटल्यासारखी पाने पाहिली की ते का, हे वेगळे सांगावे लागत नाही. क्यूने मॅग्नोलिया चंपाका स्वीकारले आहे ते याच विचाराला धरून.

आता नामकरणाकडे वळू. दोन प्रजाती एक केल्या तर संहितेप्रमाणे आधीचे नाव टिकते. पण वनस्पतींच्या नावांचा आरंभबिंदूच १ मे १७५३ हा मानलेला असल्यामुळे मॅग्नोलिया आणि मायकेलिया ही दोन्ही नावे एकाच दिवशी प्रसिद्ध झाली असे धरावे लागते. मॅग्नोलिया पान ५३५ वर आहे आणि मायकेलिया ५३६ वर, तरी पानाच्या आधी-नंतरला संहितेत किंमत नाही. अशा वेळी ज्या लेखकाने प्रथम दोन्ही एकत्र करून त्यांपैकी एक नाव निवडले, त्याची निवड पुढच्यांवर बंधनकारक होते आणि ती निवड मॅग्नोलियाच्या बाजूने झालेली आहे.

सगळ्यात गमतीची बाब अशी की हे ‘नवे’ नाव मुळीच नवे नाही. पूर्ण नाव लेखकांसह लिहिले तर ते ‘मॅग्नोलिया चंपाका (एल.) बायों एक्स पिएर’ असे होते. कंसातील एल. म्हणजे लिनियस, ज्याने ‘चंपाका’ हे जातिवाचक नाव मूळ मायकेलियात दिले. नंतरची नावे सांगतात की फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ बायों यांची ही जोडणी (प्रजाती आणि जाती मिळून केलेले नाव) पिएर यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे कुक यांचा फ्लोरा छापला गेला त्याच्या आधीपासून हे नाव उपलब्ध होते; कुक यांनी ते वापरले नाही, कारण त्यांचे वर्गीकरण वेगळे होते.

म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मायकेलिया वेगळी मानणाऱ्यासाठी मायकेलिया चंपाका हेच संहितेनुसार बरोबर नाव आहे. एक केलेली मानणाऱ्यासाठी मॅग्नोलिया चंपाका. दोन्ही नावे वैध आहेत आणि त्यांतले कोणते वापरावे हे आपण कोणते वर्गीकरण स्वीकारता यावर ठरते.

काटेसावर

देवराई यांचे विवेचन नेटके आहे, परंतु त्यात एका बाजूला थोडे झुकते माप दिले गेले आहे असे मला वाटते. तुकडे करण्याचा दुसरा मार्ग त्यांनी एका वाक्यात आटोपला. चीनमधील वनस्पतिशास्त्रज्ञांनी तोच मार्ग विचारपूर्वक घेतला आहे. २००८ च्या ‘फ्लोरा ऑफ चायना’च्या सातव्या खंडात हे कुळ डझनभराहून अधिक प्रजातींत विभागलेले आहे आणि ती मंडळी डीएनएचे पुरावे न वाचता तसे करत आहेत असे समजण्याचे कारण नाही. या कुळातील जातींची मोठी संख्या ज्या देशात रानात उभी आहे, तिथल्या अभ्यासकांना तीनशेहून अधिक जातींची एकच अवाढव्य प्रजाती गैरसोयीची वाटत असेल, तर ते समजण्यासारखे आहे.

मायकेलिया हा गट स्वतःपुरता एकसंध आहे. डीएनएच्या झाडावर तो एकाच फांदीवर येतो, त्याला किंजधरासारखे ओळखण्याजोगे लक्षण आहे आणि आखूड फांदीचा मुद्दा मान्य केला तरी ती आखूड फांदी हेसुद्धा एक लक्षणच झाले. विद्यार्थ्याला जंगलात झाड दाखवून ‘ही मायकेलिया’ असे सांगता येते. ‘ही मॅग्नोलिया, उपप्रजाती यूलानिया, विभाग मायकेलिया’ असे सांगण्याने त्याच्या ज्ञानात कोणती भर पडते? २०२० मध्ये संपूर्ण प्लास्टिड (म्हणजे हरितलवकाच्या) जीनोमच्या आधारे जे काम प्रसिद्ध झाले, त्यात एकाच मॅग्नोलियाचे पंधरा विभाग मांडले आहेत. ते पंधरा गट आणि चिनी अभ्यासकांच्या प्रजाती यांची यादी शेजारी ठेवून पाहा. बरेचसे गट तेच आहेत, फक्त पाटी बदलली आहे. म्हणजे गट कोणते याबद्दल मोठे दुमत राहिलेलेच नाही, त्यांना दर्जा कोणता द्यायचा एवढाच वाद आहे आणि दर्जा ही निसर्गात सापडणारी वस्तू नव्हे.

माझे वैयक्तिक मत असे की भारतात जुन्या पत्रिका, वनखात्याची कागदपत्रे, औषधी वनस्पतींचे ग्रंथ हे सगळे मायकेलियाच्या नावाने आहे. ते मोडण्याइतके सबळ कारण मला दिसत नाही.

देवराई

काटेसावर, दर्जाबद्दलचे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण मग त्या निवडीची पूर्ण किंमत मोजायला हवी. मायकेलिया राखायची असेल तर यूलानियाही वेगळी करावी लागते, टॅलॉमाही, मँग्लिएशियाही आणि बाकीचेही. आपल्याकडे बहुतेक जण नेमके उलटे करतात: सोनचाफ्याला मायकेलिया म्हणतात आणि दार्जिलिंगच्या मॅग्नोलिया कॅम्पबेलीला मात्र मॅग्नोलियाच. दार्जिलिंगचे प्रशासक आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांचे नाव हूकर आणि थॉमसन यांनी दिलेली ती हिमालयातील गुलाबी फुलांची जाती यूलानिया गटातील आहे, म्हणजे सोनचाफ्याची जवळची नातलग. मायकेलिया मानायची तर तिला यूलानिया कॅम्पबेली म्हटले पाहिजे. चिनी अभ्यासक तसे म्हणतात आणि म्हणूनच त्यांची मांडणी सुसंगत आहे. ‘मायकेलियाही आणि जुनी विस्तृत मॅग्नोलियाही’ ही खिचडी मात्र आज कोणत्याच मांडणीत बसत नाही.

आणखी एक जाता जाता. मॅग्नोलिया हे नाव प्रथम दिले ते शार्ल प्ल्यूमिए यांनी १७०३ मध्ये, कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावरच्या एका झाडाला. लिनियसने ते नाव उचलले, पण उत्तर अमेरिकेतील झाडांसाठी वापरले आणि आज प्रजातीचे प्रमाण मानले जाते ते मॅग्नोलिया व्हर्जिनियाना. प्ल्यूमिएंचे मूळ झाड पुढे टॅलॉमात गेले. तुकडे करण्याच्या मांडणीत ते अजूनही टॅलॉमाच राहते, म्हणजे ज्या झाडासाठी मॅग्नोलिया हे नाव घडवले गेले तेच मॅग्नोलिया नाही. एकत्र करण्याच्या मांडणीत ते मॅग्नोलिया डोडेकापेटाला म्हणून स्वगृही परतते. हा काही युक्तिवाद नव्हे, हे मलाही कळते. पण मला त्यात समाधान वाटते खरे. आणि ज्या प्ल्यूमिएंनी हे केले, त्यांच्याच नावावरून प्लुमेरिया, म्हणजे देवळाच्या अंगणातला आपला खुरचाफा, ओळखला जातो. त्याचा या कुळाशी काहीही संबंध नाही. तो करवंद-कण्हेरीच्या कुळातला.

शेवंतीची_वाडी

मी रोपवाटिकेच्या व्यवसायात आहे आणि आयात केलेल्या शोभेच्या झाडांची नावे तपासणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून एका वेगळ्या अंगाने लिहिते. वर्गीकरण बदलल्यामुळे नाव बदलले तर निदान त्यामागे काही नवे ज्ञान असते. मॅग्नोलियाच्या बाबतीत मात्र अशीही उदाहरणे आहेत की झाडाबद्दल कोणाचेही मत तसूभर बदललेले नसताना केवळ जुने कागद सापडले म्हणून नाव बदलले आणि पुन्हा मागे आले. या प्रकाराने व्यापाऱ्यांचे जे हाल होतात ते कोणाच्या गावी नसतात.

वर उल्लेख आलेल्या यूलानचेच पाहा. देरूसो यांनी १७९२ मध्ये चीनमधील दोन जातींना मॅग्नोलिया डेन्यूडाटा आणि मॅग्नोलिया लिलिफ्लोरा ही नावे दिली आणि ती रूढ झाली. पुढे लक्षात आणून दिले गेले की त्याआधी, १७७९ मध्ये, ब्यूकोझ नावाच्या फ्रेंच लेखकाने चिनी चित्रांवरून लॅसोनिया हेप्टापेटा आणि लॅसोनिया क्विंक्वेपेटा अशी नावे प्रसिद्ध केली होती. त्याने झाडे पाहिली नव्हती; समोर होती ती चित्रे. ज्येष्ठतेच्या, म्हणजे आधीचे नाव टिकते या, नियमावर बोट ठेवून डँडी यांनी १९३४ मध्ये ती जुनी नावे मॅग्नोलियात आणली. यामुळे पुस्तकांत, बागांच्या पाट्यांवर आणि व्यापारी सूचीत मॅग्नोलिया हेप्टापेटा आणि मॅग्नोलिया क्विंक्वेपेटा ही नावे दिसू लागली. शेवटी १९८७ मध्ये मायर आणि मॅक्लिंटॉक यांनी ती चित्रे बारकाईने तपासून असे मांडले की त्यांवरून कोणतीही जाती खात्रीने ठरवता येत नाही आणि म्हणून ती नावे टाकून द्यावीत. तेव्हापासून डेन्यूडाटा आणि लिलिफ्लोरा परत वापरात आली. मधल्या काळात छापलेल्या पुस्तकांचे काय करायचे ते ज्याचे त्याने पाहावे.

या दोन जातींच्या संकरातून पॅरिसजवळ एत्येन सुलांज-बोदँ यांच्या बागेत १८२० च्या दशकात जो मॅग्नोलिया सुलांजियाना तयार झाला, तो आज जगभरच्या थंड हवेच्या बागांत सर्वाधिक दिसणाऱ्या मॅग्नोलियांपैकी एक आहे. त्याच्या आईबापांची नावे इतक्यांदा फिरली, तरी लोक तो त्याच नावाने मागत राहिले, हे त्यातल्या त्यात बरे.

देवराई

शेवंतीताईंच्या उदाहरणाला जोड म्हणून ज्येष्ठतेच्याच नियमाचे एक उपांग सांगतो, कारण विद्यार्थी इथे हमखास घसरतात. लिनियसने १७५३ मध्ये अमेरिकेतल्या सगळ्या मॅग्नोलिया एकाच व्हर्जिनियाना या जातीत घातल्या होत्या आणि त्यांना निरनिराळे प्रकार म्हटले होते. आज ज्याला आपण ग्रँडिफ्लोरा म्हणतो, त्या प्रकाराचे नाव होते ‘फोएटिडा’, म्हणजे दुर्गंधी. ज्याने त्या फुलाचा लिंबासारखा दरवळ एकदा अनुभवला आहे, त्याला या नावाचे आश्चर्य वाटल्याशिवाय राहणार नाही. १७५९ मध्ये लिनियसने त्याला स्वतंत्र जाती केले आणि ग्रँडिफ्लोरा हे नाव दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत काही जण असे मानू लागले की सर्वांत जुने विशेषण, ते कोणत्याही दर्जाचे असो, पुढे चालवले पाहिजे. त्यानुसार चार्ल्स सार्जंट यांनी १८८९ मध्ये त्याला मॅग्नोलिया फोएटिडा केले आणि काही काळ अमेरिकी ग्रंथांत दक्षिणेकडील हे लाडके झाड दुर्गंधी म्हणून नोंदले जात होते. आजच्या संहितेत ज्येष्ठता त्या त्या दर्जापुरतीच असते. प्रकार म्हणून दिलेले जुने विशेषण जाती या दर्जावर हक्क सांगू शकत नाही. म्हणून १७५९ चे ग्रँडिफ्लोरा टिकले.

पाणकणीस

पाटीच्या व्यावहारिक प्रश्नावर माझे मत थोडक्यात देतो. मी एका वनस्पतिसंग्रहालयात नमुन्यांची नोंद ठेवण्याचे काम करतो. तिथे पद्धत अशी की जुनी चिठ्ठी कधीच काढायची नाही; नवे निर्धारण, म्हणजे नव्याने ठरवलेली ओळख, वेगळ्या चिठ्ठीवर लिहून, तारीख आणि निर्धारकाचे नाव घालून शेजारी चिकटवायचे. पाटीवर इतकी जागा नसते, तरी तत्त्व तेच ठेवता येते. वर मोठ्या अक्षरांत ‘सोनचाफा’, खाली ‘मॅग्नोलिया चंपाका’, त्याखाली बारीक अक्षरांत ‘पर्यायी नाव: मायकेलिया चंपाका’ आणि शेवटी कुळ. कोणता संदर्भ प्रमाण मानला आहे आणि कोणत्या वर्षी, हे महाविद्यालयाच्या नोंदवहीत एकदाच लिहून ठेवा आणि सर्व पाट्यांना तोच संदर्भ लावा. एका पाटीला क्यू, दुसरीला कुक, तिसरीला आठवण, असे झाले की मग गोंधळ उडतो. क्यू प्रमाण मानल्यास नीलगिरीकडचा रानचाफाही आपोआप मॅग्नोलिया नीलगिरिका होईल. त्यासाठी फिग्लर यांची २००० सालची जोडणी उपलब्ध आहे.

काटेसावर यांचा आग्रह मानून मायकेलिया वर लिहिली तरी हरकत नाही, मात्र मग दुसरे नाव बारीक अक्षरांत हवेच. विद्यार्थ्याने ऑनलाइन शोधले आणि पाटीवरचे नाव त्याला सापडलेच नाही, असे होता कामा नये.

‘चंपाका’ या विशेषणाबद्दल एक भर: लिनियसने ते ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील जुन्या ग्रंथातून घेतले. त्या ग्रंथाच्या १६७८ च्या पहिल्या खंडात हे झाड ‘चंपकम’ म्हणून आहे. त्याच खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीनमधील तिघा कोंकणी वैद्यांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले असून चित्रांवर इतर लिप्यांबरोबर नागरीतही नावे आहेत. प्रजातीवरून कितीही वाद झाला तरी ‘चंपाका’ दोन्ही नावांत कायम आहे, कारण जातिवाचक विशेषण प्रजाती बदलली तरी बरोबर नेले जाते.

अबोली_र

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. देवराई सर, देठावरच्या बांगड्या आज विद्यार्थ्यांना भिंगातून दाखवल्या. पाठ्यपुस्तकात बगलेतील फुलाचे उदाहरण म्हणून जे वाचले, त्याच्यावर वर्गात चांगलीच चर्चा झाली. पाणकणीस सरांची पद्धत सर्व पाट्यांसाठी स्वीकारण्याचे आम्ही ठरवले आहे. क्यू हा संदर्भ असेल. काटेसावर यांचा मुद्दाही विभागात मांडला आणि त्याला दोन मते मिळाली, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

आता कवठी चाफ्याचे काय करावे? पुस्तकांत टॅलॉमा प्युमिला, मॅग्नोलिया लिलिफेरा आणि मॅग्नोलिया लिलिफ्लोरा अशी नावे दिसतात. ही एकाच झाडाची नावे आहेत का?

देवराई

नाहीत आणि इथे अडचण वर्गीकरणाची नसून ओळखीची आहे. लिलिफ्लोरा बाद करून टाका. शेवंतीताईंनी लिहिलेली ती चीनची पानगळी जाती आहे. जांभळट फुलांचे ते झुडूप थंड हवेतले आहे. लिलिफेरा आणि लिलिफ्लोरा या दोन नावांत एका जोडाक्षराचा फरक असल्यामुळे छपाईत आणि रोपवाटिकांच्या यादीत त्यांची सतत अदलाबदल होते.

उरली दोन नावे. लिलिफेराला लिनियसने १७६२ मध्ये आधी लिरिओडेंड्रॉनमध्ये टाकले होते, बायों यांनी १८६८ मध्ये ती मॅग्नोलियात आणली. टॅलॉमा प्युमिला ही आज मॅग्नोलिया कोको मानली जाते. तिलाही लूरेरो यांनी १७९० मध्ये लिरिओडेंड्रॉन म्हणूनच वर्णिले होते. दोघींनीही मध्ये टॅलॉमाचा मुक्काम केला असल्याने जुन्या पुस्तकांत गल्लत होणे स्वाभाविक आहे, पण जाती दोन आहेत. आपल्याकडे ‘कवठी चाफा’ हे नाव दोन्हींना लावलेले आढळते, त्यामुळे मराठी नावावरून निवाडा होणार नाही.

कोको हे लहान झुडूप असते, पाने व डहाळ्या लवरहित असतात आणि देठ वळून फूल खाली झुकलेले असते. ते गोलसर फूल रात्री अधिक वास देते. लिलिफेरा वृक्ष होते आणि तिची पाने बरीच मोठी असतात. कृपया झाडाची साधारण उंची कळवा आणि चार फोटो टाका: पूर्ण झाड, पानाची मागची बाजू, फांदीवरच असलेली कळी म्हणजे तिचा देठ कोणीकडे वळतो ते कळेल, आणि उमललेले फूल. कळी तोडून हातात धरून फोटो काढू नका, नेमके तेच लक्षण त्यात हरवते.